काशीची वाट आणि तिचे मराठी वाटाडे

परमुलखात गेलेल्या माणसाला पहिली गरज भासते ती जाणत्या माणसाची. उतरावे कोठे, पाणी कोणत्या विहिरीचे प्यावे, पैसे कोणापाशी ठेवावेत, कोणाशी बोलावे आणि कोणाशी बोलू नये, या प्रश्नांची उत्तरे छापील पुस्तकात क्वचितच सापडतात. ती आपल्या आधी तेथे येऊन स्थिरावलेल्या माणसापाशी असतात. आपल्या मंडळासारख्या संस्था जागोजागी उभ्या राहिल्या त्या मुळात याच गरजेतून. सण, नाटके, हळदीकुंकू हे सारे पुढचे. प्रथम होता तो आगगाडीतून उतरलेल्या नवख्या कुटुंबाला बिऱ्हाड शोधून देण्याचा खटाटोप.

सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी मंडळांचा इतिहास सांगण्याऐवजी त्याहून पुष्कळ जुन्या अशा एका मराठी वसाहतीचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले. ही वसाहत म्हणजे काशी. मराठी माणसाने परक्या प्रदेशाची ओळख कशी करून घेतली, ती ओळख कोणी सांभाळली आणि मागून येणाऱ्यांच्या हाती कशी दिली, याचे इतके दीर्घ आणि इतके सविस्तर उदाहरण दुसरे नाही. काशीला गेलेला मराठी यात्रेकरू वस्तुतः दोन काशींना जात असे. एक विश्वनाथाची काशी, आणि दुसरी तेथल्या मराठी माणसांनी त्याला उलगडून दाखविलेली काशी. या दुसऱ्या काशीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

वाचलेली काशी

काशीची वाट मराठी मुलखात प्रथम उघडली ती ग्रंथांतून. सरस्वती गंगाधरांचा ‘गुरुचरित्र’ हा सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्याच्या एकेचाळिसाव्या आणि बेचाळिसाव्या अध्यायांत काशीयात्रेचे जे वर्णन येते, ते आजच्या भाषेत बोलायचे तर मार्गदर्शिकाच होय. स्नान कोठे करावे, मग कोणत्या देवतेचे दर्शन घ्यावे, अंतर्गृहयात्रा कशी, दक्षिणमानस आणि उत्तरमानस यात्रा कशा, पंचक्रोशीला कोठून निघावे, हे सारे ओवीबद्ध क्रमाने तेथे दिले आहे. दत्तजयंतीच्या सप्ताहात ज्या घरांतून ग्रंथाचे पारायण होई, त्या घरांतील कित्येक माणसांनी आयुष्यात नर्मदा ओलांडली नसेल. परंतु मणिकर्णिका, ढुंढिराज, ज्ञानवापी ही नावे त्यांच्या कानांवर वर्षानुवर्षे पडत होती. जे क्षेत्र पाहिले नाही त्याचा मार्ग पाठ असणे, ही आपल्या लोकांची एक विलक्षण शिदोरी होती.

दुसरा ग्रंथ संस्कृतातील, पण मराठी हातचा. पैठणचे रामेश्वरभट्ट हे विद्वान सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३ चा. त्यांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांविषयी ‘त्रिस्थलीसेतु’ रचला. हा ग्रंथ पुराणवचनांचा संग्रह आहे खरा. परंतु तो काशीत राहणाऱ्या माणसाने लिहिला आहे, हे त्यातील एका निर्णयावरून चांगले ध्यानी येते. राज्ये पालटतात, देवळे पडतात, मूळ लिंग हलविले जाते, त्या जागी दुसरे येते किंवा काहीच उरत नाही. अशा वेळी दूरदेशाहून आलेल्या यात्रेकरूने काय करावे? नारायणभट्टांचा निर्वाळा असा की, त्या स्थानी जे लिंग असेल त्याचे पूजन करावे, आणि काहीच नसेल तरी त्या स्थानाला वंदन करावे. दूरच्या गावी बसून पोथी पाहणाऱ्या शास्त्र्याला हा प्रश्न सहसा पडला नसता. गल्लीतून रोज जाणाऱ्याला तो पडला, आणि शेकडो कोस चालून आलेला माणूस विन्मुख परतू नये म्हणून त्याने त्याचे उत्तर देऊन ठेवले. याच नारायणभट्टांच्या प्रेरणेने अकबराच्या कारकिर्दीत तोडरमल्लाच्या साहाय्याने विश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभे राहिले, अशी परंपरा आहे. ‘निर्णयसिंधु’ लिहिणारे कमलाकरभट्ट याच कुळातले, आणि १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करविणारे गागाभट्टही याच कुळातले. गागाभट्ट ‘काशीहून आले’ असे आपण शाळेत शिकतो. त्यांचे घराणे मुळात पैठणहून काशीला गेलेले होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

तिसरा ग्रंथ एकनाथांचा. नाथांचे भागवत पुरे झाले ते पैठणला नव्हे, काशीस. शके १४९५ च्या, म्हणजे इसवी सन १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस. संस्कृत भागवताचा अर्थ प्राकृतात सांगण्याबद्दल काशीतील पंडितांनी नाथांना जाब विचारला आणि अखेर त्यांचाच गौरव केला, ही कथा परंपरेने आलेली आहे. ती अक्षरशः कशी घडली याचा वाद अभ्यासकांनी करावा. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, मराठी भाषेतील एका थोर ग्रंथाची समाप्ती महाराष्ट्रापासून इतक्या दूर झाली, आणि तो ग्रंथ तेथून परत महाराष्ट्राच्या गावोगावी पोचला. परमुलखात राहून आपल्या भाषेत काही मोलाचे करता येते, याला याहून जुना आणि मोठा दाखला कोणता द्यावा?

पत्रांतली काशी

अठराव्या शतकात मराठी सत्ता उत्तरेत पसरली आणि काशीविषयीची माहिती पोथ्यांतून पत्रांत उतरली. पेशवे दप्तरातील आणि इतर संग्रहांतील काशीची पत्रे चाळली म्हणजे एक निराळेच शहर डोळ्यांपुढे उभे राहते. घाटाचा दगड, मजुरांची मजुरी, हुंडीची देवघेव, स्थानिक अधिकाऱ्यांची मर्जी, गंगेचे पाणी कधी उतरेल याचा अंदाज, असा त्या पत्रांचा व्यवहार. नारायण दीक्षित पाटणकर आणि सदाशिव नाईक ही त्या काळची दोन ठळक नावे. नारायण दीक्षित हे पेशवे घराण्याला गुरुस्थानी होते. काशीत वास्तव्य करून त्यांनी ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट बांधविले, आणि त्या दोन घाटांच्या माथ्यावर जी मराठी वस्ती झाली ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

१७३५ साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या. राजपुतान्यातील राजांनी वाटेत त्यांचा आदरसत्कार केला, हे इतिहासाच्या पुस्तकांत आपण वाचतो. पण अशी यात्रा केवळ राजांच्या आदरावर पार पडत नसते. मुक्काम कोठे करावा, कोणता रस्ता सुरक्षित, क्षेत्रात दानधर्म कोणाला किती करावा, हे सांगणारी मराठी माणसे त्या वाटेवर आणि खुद्द काशीत बसलेली होती, म्हणून ती यात्रा सुखरूप झाली.

या माणसांचे ज्ञान किती मोलाचे होते, हे एका नाजूक प्रसंगावरून दिसते. काशी आणि प्रयाग ही क्षेत्रे आपल्या ताब्यात यावीत, ही पेशव्यांची मोठी आकांक्षा होती आणि ती अखेरपर्यंत सफळ झाली नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास मराठी फौजा या प्रदेशाजवळ आल्या, म्हणजे काशीतील मराठी ब्राह्मणांना हर्षाइतकीच धास्ती वाटे, हे तत्कालीन पत्रव्यवहारातून दिसून येते. फौज आज येईल आणि उद्या परत जाईल; आम्हांला मात्र येथेच, येथील राज्यकर्त्यांच्या छायेत राहावयाचे आहे; घाईने काही केले तर त्याचा जाब आमच्या मुलाबाळांना द्यावा लागेल, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. पुण्यात बसून हे कळणे शक्य नव्हते. पाहुणा आणि रहिवासी यांच्या दृष्टीत अंतर असते ते येथे. परमुलखात राहणाऱ्या आपणा सर्वांना हे अंतर अनुभवाने ठाऊक आहे.

पुढे इंदूरच्या अहिल्याबाईंनी जे केले त्यात हा पोच पुरेपूर दिसतो. त्यांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे आजचे मंदिर जुन्या जागेशेजारी नव्याने बांधविले. काम शांतपणे झाले आणि टिकले. मणिकर्णिका आणि दशाश्वमेध या घाटांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट, औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले बिंदुमाधवाचे मंदिर, अमृतराव पेशव्यांची बांधकामे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८२८ साली ज्ञानवापीच्या विहिरीभोवती उभारलेला स्तंभमंडप, असा हा पसारा आहे. गंगेतून नावेत बसून पाहिले तर काशीचा दर्शनी भाग बव्हंशी अठराव्या शतकाचा आणि मोठ्या अंशी मराठी आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयातील प्राध्यापक डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३७ साली बनारसचा इतिहास इंग्रजीत लिहिला. त्यात आजच्या काशीच्या घडणीतील मराठ्यांचा हा वाटा त्यांनी ठळकपणे मांडला आहे.

जमिनीची ओळख

येथे दोन बांधकामांची हकीकत सांगितली पाहिजे, कारण पैसा आणि भक्ती असूनही जागेची ओळख नसेल तर काय होते, हे त्यांतून कळते.

पहिली कर्मनाशेच्या पुलाची. काशीहून गयेला जाताना कर्मनाशा नदी आडवी येते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला की साठविलेले पुण्य नष्ट होते, अशी समजूत. काशी करून गयेला निघालेल्या यात्रेकरूची त्यामुळे मोठी पंचाईत होई. खांद्यावर बसवून पैलतीरी नेणारी माणसे त्यावर आपला चरितार्थ चालवीत. ही अडचण पुण्यापर्यंत पोचली आणि नाना फडणविसांनी तेथे दगडी पूल बांधण्याचे काम हाती घेतले. परंतु नदीचा तळ वाळूचा. पाया घेता येईना आणि काम अर्धवट राहिले. पुढे १८३० च्या सुमारास बनारसचे राजा पटनीमल यांनी तो पूल पुरा केला. त्याची आखणी जेम्स प्रिन्सेप यांनी केली होती. हा इंग्रज गृहस्थ टांकसाळीच्या कामावर बनारसमध्ये दहा वर्षे राहिला होता. त्याने १८२२ साली शहराचा नकाशा तयार केला, गल्लीगल्लीतून फिरून मोजणी केली आणि सुरेख चित्रे काढली. पुण्याच्या कारभाऱ्याची सदिच्छा, काशीच्या धनिकाचे द्रव्य आणि तेथे राहून जमीन ओळखणाऱ्या अभियंत्याची विद्या, असे तिन्ही मिळाले तेव्हा पूल झाला.

दुसरी हकीकत शिंदे घाटाची. बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास हा घाट मोठ्या डौलाने बांधविला. पण तटाला त्याचा भार पेलला नाही आणि तो खचला. मागाहून तो पुन्हा बांधावा लागला. त्याच्याजवळच पाण्यात कललेले रत्नेश्वराचे देऊळ आजही उभे आहे आणि येणारा जाणारा त्याची छायाचित्रे घेतो. गंगा येथे उत्तरवाहिनी आहे. शहर सारे पश्चिम तीरावर, उंच आणि चिवट अशा कंकरमिश्रित मातीच्या बंधाऱ्यावर. पलीकडचा तीर मात्र सखल, वाळूचा आणि मोकळा. पावसाळ्यात पाणी पायऱ्यांमागून पायऱ्या गिळत वर चढते. १९७८ च्या सप्टेंबरात ते ७३.९० मीटरपर्यंत चढले होते आणि आजवरच्या नोंदींत तोच उच्चांक मानला जातो. कोणत्या पायरीला पाणी लागले की कोणती गल्ली बंद होते आणि चिता कोठे हलवाव्या लागतात, हे तेथला नावाडी न मोजता सांगतो. काशीला केव्हा जावे, असे तेथल्या जुन्या माणसास विचारले तर श्रावण-भाद्रपदापेक्षा कार्तिक बरा, असे तो सांगेल. श्रावणात पुण्य आहे, पण घाट पाण्याखाली असतात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाता येत नाही आणि नावाही बंद होतात.

कार्तिक मास सुचविण्यास आणखी एक कारण आहे. पंचगंगा घाटावर तेव्हा उंच बांबूंच्या टोकाशी टोपल्यांतून पितरांसाठी आकाशदिवे लावतात. त्याच घाटावर एक दगडी दीपस्तंभ असून तो अहिल्याबाईंनी उभारल्याचे मानतात. आपल्याकडील जेजुरीच्या दीपमाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो पाहताच घरची आठवण होईल. कार्तिकी पौर्णिमेला तो असंख्य ज्योतींनी उजळतो. नाथांचे भागवत काशीत संपूर्ण झाले तेही याच तिथीला, हे तेथे उभ्या असलेल्या मराठी माणसाने ध्यानी घ्यावे.

क्षेत्रोपाध्ये आणि त्यांच्या वह्या

ग्रंथ विद्वानांसाठी, पत्रे राजकारण्यांसाठी. पण सामान्य मराठी कुटुंबाचा वाटाड्या होता तो क्षेत्रोपाध्या. कोकणातील, देशावरील, वऱ्हाडातील गावे आणि घराणी या उपाध्यायांत वाटलेली असत. यात्रेकरू शहरात शिरला की पहिला प्रश्न येई: गाव कोणते, आडनाव कोणते? उत्तर मिळताच कोणाच्या घरी उतरावयाचे ते ठरे. मग उपाध्ये आपली वही काढीत. तीत त्याच्या आजाचे नाव, पणजाचे नाव, ते केव्हा आले, बरोबर कोण होते, कोणाचे श्राद्ध केले, हे लिहिलेले असे. बहुधा पणजाच्याच हातचे, मोडी अक्षरात. मग नवा यात्रेकरू त्याखाली आपली आणि आपल्या मुलाबाळांची नावे लिही. पुढच्या पिढीतील कोणी येईल तेव्हा ते त्याला दाखविले जाई.

या व्यवस्थेवर टीका पुष्कळ झाली आहे, आणि ती अनाठायी नाही. अनोळखी यात्रेकरूला घेरणारे दलाल, दक्षिणेसाठी चालणारी ओढाताण, भोळ्या माणसाची होणारी लूट, या गोष्टी काशीत होत्या आणि सर्वच मोठ्या क्षेत्रांत असतात. पण याच कारणामुळे आपल्या गावच्या ओळखीच्या उपाध्यायाचे महत्त्व वाढत असे. ज्याच्या वहीत आपल्या चार पिढ्या आहेत, त्याला पाचव्या पिढीचीही अपेक्षा असते. तो फसवीत नाही, निदान बेताने फसवितो, असे जुने लोक हसत हसत म्हणत. उपाध्ये केवळ संकल्प सांगत नसत. दूध कोठले घ्यावे, कोणत्या गल्लीत अंधार पडल्यावर जाऊ नये, म्हाताऱ्या माणसाला पंचक्रोशी झेपेल की नाही, याचाही सल्ला ते देत. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा असे पाच मुक्काम करीत पुरी होणारी ही सुमारे ८० किलोमीटरांची परिक्रमा. ज्याला ती जमणार नाही त्याला नावेने पंचतीर्थी करावयास सांगत: अस्सी, दशाश्वमेध, वरुणासंगमीचा आदिकेशव, पंचगंगा आणि शेवटी मणिकर्णिका.

परत येताना गंगेचे पाणी आणावयाचे, घरी गंगापूजन करावयाचे आणि गावाला मावंदे घालावयाचे. मावंद्याच्या पंक्तीत यात्रेकरू आपली हकीकत सांगे, आणि ज्याला पुढच्या साली जावयाचे असे तो कान देऊन ऐके. अशा रीतीने ती माहिती काशीहून गावी आणि गावाहून पुन्हा काशीला फिरत राही. हे अभिसरण चालले तोवर काशी मराठी माणसाला परकी वाटली नाही.

गोडसे भटजी, आगगाडी आणि नवे मार्गदर्शक

या जुन्या यात्रेचे आपल्या भाषेतील अत्यंत जिवंत वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी लिहून ठेवले आहे. घरचे कर्ज फेडावे म्हणून १८५७ साली ते उत्तरेस निघाले आणि नेमके त्या वर्षीच्या वणव्यात सापडले. झाशीचा संहार त्यांनी डोळ्यांनी पाहिला, अनेकवार लुबाडले गेले, तरी काशी केली आणि आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावरून कोकणात आणली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध केला. त्या पुस्तकात आम्हांला वारंवार जाणवते ते असे की, इतक्या धामधुमीतही गोडसे भटजींना प्रत्येक मोठ्या शहरात कोणी ना कोणी मराठी माणूस भेटतो, तो त्यांना ठेवून घेतो आणि पुढची वाट सांगतो. सरकारे कोसळत होती, तरी हे ओळखीचे जाळे तुटले नव्हते.

ज्या राणीच्या झाशीत ते होते, ती राणीही काशीचीच लेक. मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या पदरी काशीत असताना त्यांच्या कन्येचा जन्म झाला आणि तिचे नाव मणिकर्णिका ठेवले गेले. अस्सीजवळ भदैनीत तिचे स्मारक आहे.

१८७० साली जबलपूर येथे मुंबईकडचा आणि कलकत्त्याकडचा लोहमार्ग जोडला गेला आणि महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. १८८७ साली राजघाटाजवळ गंगेवर रेल्वेपूल झाला. यात्रा सोपी झाली, यात्रेकरू वाढले, आणि मुक्काम मात्र आखूड झाला. पूर्वी माणूस महिना दोन महिने राही. आता तीन रात्री पुरेशा वाटू लागल्या. याच काळात इंग्रज प्रवाशांसाठी नवी पुस्तके निघाली. त्यांतील काशी बहुधा नावेतून पाहिलेली असते: पहाटेचे ऊन, पायऱ्या, स्नान करणारी गर्दी. ते दृश्य खरेच अपूर्व आहे. पण नाव किनाऱ्याला लावून गल्लीत शिरल्यावर जे शहर सुरू होते, त्याची वार्ता त्यांत थोडी. त्याच सुमारास, १८७६ साली, कैलासनाथ सुकुल यांनी ‘काशीदर्पण’ नावाचा नकाशा काढला. त्यात शहर वर्तुळाकार असून मध्ये विश्वनाथ आणि भोवती देवतांची स्थाने आहेत. प्रिन्सेपच्या नकाशावरून अंतर मोजता येते. सुकुलांच्या नकाशावरून यात्रेचा क्रम कळतो. जाणत्या प्रवाशाने दोन्ही जवळ ठेवावेत.

आजची मराठी काशी

काशीतील मराठी वस्ती केवळ यात्रेकरूंच्या सेवेवर जगली, असा समज कोणी करून घेऊ नये. तिने त्या शहराला आपले मानले आणि त्याला काही दिले. गणिती आणि ज्योतिषी बापूदेव शास्त्री यांनी तेथल्या संस्कृत कॉलेजात आयुष्य वेचले. बाबूराव विष्णू पराडकर १८८३ साली काशीत जन्मले, १९२० साली निघालेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते, आणि हिंदी वृत्तपत्रसृष्टी त्यांना आजही आचार्यस्थानी मानते. ‘राष्ट्रपती’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. घरी मराठी बोलणाऱ्या माणसाने हिंदीला शब्द द्यावेत, यात काशीच्या मराठी वस्तीचे सारे रहस्य आले. लोकमान्यांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ उभी केल्यावर काही वर्षांतच ब्रह्माघाटाच्या मराठी वाड्यांतून तो उत्सव सुरू झाला, आणि शेजारपाजारचे हिंदी भाषकही त्यात सामील झाले.

गेल्या काही वर्षांत काशी वेगाने पालटली आहे. विश्वनाथ मंदिर ते गंगा असा प्रशस्त परिसर तयार करून १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी ३०० हून अधिक घरे व इमारती संपादन करून पाडण्यात आल्या. वृद्ध यात्रेकरूंची सोय झाली, दर्शन सुलभ झाले, अहिल्याबाईंची मूर्तीही तेथे बसविली गेली. त्याबरोबरच ज्या गल्ल्यांच्या खुणांवर जुनी यात्रा चाले, त्यांतील कित्येक गेल्या. ‘अमक्या दुकानाला वळसा घालून उजवीकडे’ असे सांगणाऱ्या माणसापाशी आता ते दुकान उरलेले नाही. लाभहानीचा हिशेब काशीकरांनी करावा. पण जी माहिती जागेला बांधलेली असते ती जागेबरोबर जाते, एवढे आम्ही नमूद करतो.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे सुट्टीत काशीला जातात, जातील. महानगरी एक्स्प्रेसने जावे किंवा विमानाने, पण दोन गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. एक सकाळ मोकळी ठेवून दशाश्वमेधापासून उत्तरेकडे मणिकर्णिका, शिंदे घाट, भोसले घाट, पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट असे पायी जावे. गंगेला पाणी कमी असेल तर पायऱ्यांवरूनच जाता येते. मग ब्रह्माघाटाच्या पायऱ्या चढून वर गल्लीत शिरावे आणि मराठीत विचारपूस करावी. उत्तर मराठीत येण्याचा संभव बराच आहे. त्या मराठीत हिंदीचा गोडवा मिसळलेला असेल. त्याला हसू नये, कारण आपल्या मुलांच्या मराठीत काय काय मिसळले आहे ते आपण जाणतो.

दुसरी गोष्ट निघण्यापूर्वीची आहे, आणि ती अधिक निकडीची आहे. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आता जीर्ण होत चालल्या आहेत, मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, आणि अनेक उपाध्यायांची मुले इतर व्यवसायांत गेली आहेत. इकडे आपली अवस्था अशी की, नातवंडांना मूळ गावाचे नाव सांगता येत नाही. गाव, तालुका, कुळाचे मूळ आडनाव, आजा-पणजाचे नाव एवढे हाती असल्याखेरीज वहीतले पान सापडत नाही. गावचे घर पडले, जमीन गेली, कागद वाळवीने खाल्ले, अशा कित्येक कुटुंबांच्या पूर्वजांचे स्वहस्ते लिहिलेले एकमेव अक्षर आज काशीतील एखाद्या माडीवर, लाल कापडात बांधलेल्या वहीत असू शकेल. ते शोधण्याची किल्ली मात्र आपल्या घरातील वृद्धांच्या आठवणीत आहे, आणि ती आठवण वहीपेक्षाही लवकर नाहीशी होणारी आहे.

म्हणून मंडळाच्या सभासदांना आमची विनंती आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरच्या ज्येष्ठांना विचारून वरील माहिती एका कागदावर लिहावी. त्यात आपण या शहरात केव्हा आलो, प्रथम कोणाच्या घरी उतरलो आणि कोणी बिऱ्हाड मिळवून दिले, हेही लिहावे. ते सारे कागद एका बांधीव वहीत मंडळाच्या कपाटात राहावेत. काशीच्या उपाध्यायांनी शेकडो वर्षे जे केले ते एवढेच होते: आलेल्याचे नाव लिहून घेतले, आणि पुढे येणाऱ्याला ते वाचून दाखविले. आणखी पन्नास वर्षांनी कोणी तरुण कुटुंब मंडळाच्या दारी येऊन आडनाव सांगेल, तेव्हा वही उघडून त्याचे पान काढून देता यावे.